इंदरमलजींचा मंगलपाठ

खापरच्या बाजारात इंदरमलजींचं कापडाचं दुकान सगळ्यांना ठाऊक, आणि त्यांच्या चांदनीचा गळाही. पोरगी आत स्तवन म्हणायला लागली की बाहेर गिऱ्हाईक भाव करायचं विसरायचं. त्या चांदनीने ऐन बाविशीत दीक्षा घेतली, जैन साध्वी झाली. झालं, संपलं! साध्वीला माईक नाही, फोन नाही. भेटायचं तर तिच्यापाशी जायचं आणि सख्ख्या आईनेही हात जोडून ‘महासतीजी’ म्हणायचं. तिच्या आईने, जडावबाईंनी, तेही केलं, चारचौघांत मिरवलंसुद्धा. पण आतून तुटायचं ते तुटायचंच.

यंदा चांदनीचा चातुर्मास शहाद्याला, म्हणजे पावसाळाभर ती गाव सोडणार नाही. इकडे इंदरमलजी अंथरुणाला खिळलेले, नाकाला ऑक्सिजनची नळी. साधू-साध्वी आशीर्वाद म्हणून ऐकवतात त्या मंगलपाठाचा एकच घोशा, “एकदा तिच्या तोंडून मंगलपाठ ऐकव गं.”

शेवटी जडावबाईंनी ठरवलं, चोरी तर चोरी! आपला फोन पदराखाली चालू ठेवायचा. घरी सून रूपाली तिचा फोन सासऱ्यांच्या कानाशी धरेल.

“मम्मी, महासतीजींना कळलं तर?” गाडी चालवता चालवता अंकित म्हणाला.

“गप रे! पाप लागलं तर मला लागेल. बाप तुझाच आहे ना?”

साध्वी उतरतात त्या जैन स्थानकाशी पोहोचल्यावर गाडीतूनच फोन लावला. “पप्पांच्या कानाला लावलाय,” रूपाली म्हणाली. बाई उतरल्या, पायऱ्या चढल्या.

चांदनी पाटावर बसली होती, तोंडावर मुहपत्तीचं पांढरं फडकं, अंगाने पार वाळलेली. बाईंनी वंदना करून मंगलपाठ मागितला. आणि काय सांगू, तोच गळा! बाई ढसाढसा रडल्या. पोहोचला बाई एकदाचा त्यांच्यापर्यंत, असं वाटून मन हलकं झालं.

बाहेर येऊन पदराखालून फोन काढला, तर बंद. स्थानकाची पायरी चढायची तर फोन बंद करूनच, इतक्या वर्षांची शिस्त ती! बोटांनी आपलं काम करून टाकलं होतं, बाईंना पत्ताच नाही. अरे देवा!

फोन चालू केला तोच रूपालीचा आला. ती रडत होती.

“मम्मीजी, काहीच ऐकू आलं नाही. पप्पा कितीतरी वेळ कान लावून होते. मग म्हणाले, ‘नाही म्हणाली पोरगी. बरोबर आहे तिचं.’ आणि भिंतीकडे तोंड केलं. मम्मीजी, पप्पा गेले.”

जडावबाई पायरीवरच बसल्या. आत चांदनी दुसऱ्या कुणाला तरी मंगलपाठ ऐकवत होती. पार रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.