अरबी रुपयाचं नाकं

सराफ्यातल्या एका पेढीच्या मागच्या खोलीत मी एकेचाळीस वर्षं चांदी आटवली. पुढं मालक गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा, मागं मी मूस लाल करून तिच्यात मोडीचा माल टाकायचो. तुटकी पैंजणं, वाक्या, करदोडे, अत्तरदाण्या. मूस कुणाला ओळखत नाही. पाटलाच्या घरचं कडं आणि मजुराच्या पोराचा ताईत, दोन्हीचं पाणी एकच. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो. पण चांदी फरशीवर आपटून, नुसत्या आवाजावरून मी तिचा कस सांगायचो, आणि कसोटीचा दगड मागाहून तेच सांगायचा. बढाई नाही. त्या वेळचं कुणी सराफ्यात उरलं असेल तर विचारून घ्या.

मोडीत कधीमधी नाणी यायची. निजामाचा चारमिनारचा रुपया तर पसाभर यायचा. पण वर्षा-दोन वर्षांतून एखादं नाणं असं यायचं की तळहात भरून जायचा. एका अंगाला जाडजूड बाई, डोक्यावरून पदर, खांद्यावर मोत्याचं फूल. दुसऱ्या अंगाला दोन डोक्यांचा गरुड. कडेला उठावाची अक्षरं आणि वेलबुट्टी. वजन अडीच तोळ्याला जरा कमी. चांदी रुपयात तेरा आणे. सराफ्यात त्याला अरबी रुपया म्हणायचे, कारण ते यायचं चाऊस लोकांच्या घरातून. निजामाच्या फौजेत त्यांचे आजे-पणजे अरबस्तानातून आलेले. येताना कमरेला हे रुपये बांधून आले, आणि मग बायकांनी दोरा ओवायला त्याला कडेवर नाकं लावून गळ्यात घातले.

पहिला असा रुपया हातात आला तेव्हा तो मुशीत टाकायला हात धजला नाही. मालकाला म्हणालो, "हा मला मोडीच्या भावानं द्या, पगारातून कापा." मालक हसला. "आटवणाऱ्यालाच माया सुटली तर धंदा कसा व्हायचा?" पण दिला. मग मला नादच लागला. असे तेवीस जमवले. शिवाय पाच मोठे डॉलर, तीन टोकांचा भाला धरून उभ्या असलेल्या बाईचे. ते चीनच्या व्यापारासाठी पाडलेले, मागं चिनी अक्षरं. सगळे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, प्रत्येक धोतराच्या फडक्यात गुंडाळून.

बायको म्हणायची, "दुसऱ्याचे नवरे चांदी आणून बायकोच्या अंगावर घालत्यात. आमचा आणून डब्यात कोंबतोय."

मी म्हणायचो, "तुझ्या अंगावर घातली तर तू मोडून येशील."

"मोडायचीच तर तुमच्याच मुशीत येईल ना?"



अरबी रुपयावर साल असायचं १७८०. आकडे मला वाचता येतात. तेवीसच्या तेवीस रुपयांवर तेच साल. म्हणून मी ऐटीत सांगायचो, सगळे एकाच साली पाडलेले, पेशवाईतले. कुणी खोडून काढलं नाही, कारण खोडून काढणारा मला भेटला नव्हता.

आता चाऊसचं सांगतो. तो माझा दोस्त, माझ्याच वयाचा. करमाडला जालना रोडवर ट्रकचे पाटे बसवायचा. त्याला नावानं कुणी हाक मारत नसे, नुसतं चाऊस. त्याचा आजा, तो त्याला दादा म्हणायचा, अरबस्तानातून सात रुपये घेऊन आला होता. सहा गेले, एक राहिला. तो घरातल्या पोरीच्या गळ्यात जायचा, आणि तिच्याकडून पुढच्या पोरीच्या. तीस वर्षांपूर्वी चाऊसच्या लेकीचा निकाह ठरला, मुलगा गंगापूरचा. चार दिवस आधी चाऊस रुपया घेऊन माझ्याकडं आला. नाकं अर्धं तुटलं होतं.

"यार, नाकं बसव. जुम्म्याला पाहिजे."

मी रुपया पाहिला. झिजलेला, बाईचं नाक सपाट, आणि जिथं नाकं तुटलं तिथं कडेला सांधणीच्या जुन्या डाकाचा गठ्ठा. त्यावर पुन्हा डाक धरणार नाही, हे पाहताच कळलं. धरला तरी लग्नाच्या गर्दीत सुटणार. माझ्या डब्यात तसाच रुपया होता, चकचकीत. तीच बाई, तोच गरुड, तेच साल. दोन्ही तराजूत घातले. माझा चार गुंजा जास्त भरला.

इथं आमच्या धंद्याची रीत सांगितली पाहिजे. गिऱ्हाईक चांदी आणून देतं, आम्ही त्याला वजनानं चांदी परत करतो. तीच चांदी परत मिळाली का, असं कुणी विचारत नाही. कस आणि वजन बरोबर असलं की व्यवहार चोख. चांदीला चेहरा नसतो, हे मालकाचं पहिल्या दिवशीचं वाक्य. म्हणून मी माझ्या चकचकीत रुपयाला नाकं लावलं आणि तो चाऊसला दिला. वर चार गुंजा माझ्याच गेल्या, मजुरीही घेतली नाही. मनात म्हटलं, दोस्ताच्या लेकीला आहेर झाला.

चाऊस खूश. "एकदम नवा केला यार तू."

त्याचा झिजका रुपया मी ठेवून घेतला. कडेचा डाकाचा गठ्ठा बघवेना, म्हणून कानस घेऊन तो गुळगुळीत केला. दोन-तीन अक्षरंही कानशीखाली गेली. काम सफाईचं झालं. गुंडाळून डब्यात टाकला आणि विसरलो.

तीस वर्षं विसरलो.

मागच्या हिवाळ्यात जालना रोडवरच्या एका मंगल कार्यालयात तीन दिवस जुन्या नाण्यांचं प्रदर्शन भरलं. आम्ही आता चिकलठाण्याला राहतो, रिक्षानं दहा मिनिटं. पहिल्याच दिवशी डबा घेऊन गेलो. पुण्याचा एक माणूस टेबल मांडून बसला होता, डोळ्याला भिंग लावलेला, माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा. मी डबा त्याच्यापुढं उघडला आणि म्हणालो, "सगळे पेशवाईतले आहेत. साल बघा."

तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. म्हणाला, "बाबा, हा थेलर. ऑस्ट्रियाच्या राणीचा. राणी वारली ते हे साल. पण अरबस्तानात लोक हाच छाप मागायचे, दुसरा घेतच नव्हते. म्हणून साल न बदलता पुढं दीडशे-दोनशे वर्षं पाडत राहिले. ऑस्ट्रियात पाडले, इटलीत पाडले, विलायतेत पाडले. लढाईच्या काळात तर आपल्या मुंबईच्या टांकसाळीत पाडले."

"मुंबईत?" मी म्हणालो. "ही गोरी बाई मुंबईत?"

"मुंबईत."

मग त्यानं एकेक रुपया भिंगाखाली घेतला. गरुडाच्या शेपटीची पिसं बघायची, खांद्यावरच्या फुलातले मोती बघायचे, कडेची वेलबुट्टी बघायची, त्यावरून टांकसाळ कळते म्हणाला. मला त्यानं पिसं दाखवली, मी पाहिली. चाळीस वर्षं जे हातात खेळवलं, ते मी पाहिलंच नव्हतं. राणीच्या हयातीतलं माझ्याकडं एकही निघालं नाही. बरेचसे अलीकडचे, मुंबईचे तीन. मला राग आला, पण कुणाचा ते ठरवता येईना.

शेवटी त्यानं झिजका उचलला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. "हा जुना आहे बाबा. राणीच्या वेळचा नाही, पण दीडशे वर्षांच्या आतबाहेर. तुमच्यातला सगळ्यात चांगला." मग बोट कडेवर थांबलं. "इथं कानस कुणी मारली हो? अक्षरं गेली."

"मी मारली," म्हणालो. आणि तोंडातून शब्द निघाला तसं मला आठवलं की आयुष्यात मी एकाच अरबी रुपयावर कानस मारली आहे.

"मग चौथा मुंबईचा," मी म्हणालो, कारण चाऊसला देताना मी त्या मुंबईच्या तिघांच्याच जोडीतला एक उचलला होता, ते चार एकाच घरातून एकदम आले होते. त्याला काही समजलं नाही. तो म्हणाला, "तीनच आहेत बाबा."

संध्याकाळी चाऊस चहाला आला, नेहमीसारखा. प्रदर्शनाची बातमी त्याला आधीच लागली होती.

"मी लेकीला फोन केला," तो म्हणाला. "परवा शेवटचा दिवस ना? उद्या सकाळी गंगापूरहून निघते, मुक्कामाला येते. रुपया गळ्यातच असतो तिच्या. त्या पुण्यावाल्याला दाखवू. माझा जावई म्हणतो, तुमच्या दादाच्या गोष्टी नुसत्या गप्पा. त्याला एकदा मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकवतो, हा सिक्का समुंदर पार करून आला."

मी चहा प्यायलो. परवा पुण्याचा माणूस पिसं मोजणार आणि चारचौघांत, लेकीसमोर सांगणार की हा मुंबईत पाडलाय, तुमचा आजा आल्यावर कितीतरी वर्षांनी. माझ्या दोस्ताचा आजा त्याच्या डोळ्यांदेखत खोटा पडणार, आणि खरा आजा माझ्या बिस्किटाच्या डब्यात.

चाऊस गेल्यावर बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मी म्हणालो, "एक करतो. उद्या पोरीकडून रुपया उजळायला म्हणून मागतो. आत जाऊन झिजक्याला नाकं लावून तोच देतो. कुणाला काय कळतंय? जागच्या जागी."

"पहिल्यांदा बदलला तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "आता बदलला तर त्याला चोरी म्हणत्यात."

"मी चार गुंजा जास्त दिल्या होत्या!"

"मग जा, चाऊसभाईला चार गुंजा सांगा." तिनं मेथीची काडी मोडली. "पण तुम्ही नाय सांगणार. माझी भाकरी करपली होती हे पन्नास वर्षांपूर्वीचं सांगाल, स्वतःचं नाय सांगणार."

मी जेवलो नाही त्या दिवशी. जेवलो नाही म्हणजे एकच भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाऊस लेकीला घेऊन थेट आमच्याकडंच आला. पोर आता पन्नाशीला टेकलेली, तीन मुलांची आई. काळ्या दोऱ्यात रुपया गळ्यात. खरं सांगतो, बायकोनं एवढं म्हटलं तरी माझ्या तोंडून तेच निघालं. "दे बाई, रिठ्याच्या पाण्यात उजळून देतो. उद्या दाखवायचाय ना."

तिनं रुपया मुठीत धरला. "नको काका. असाच राहू द्या. यावर माझ्या तिन्ही पोरांचे दात हायेत."

आणि दाखवला. बाईच्या पदरावर, कडेला, बारीक बारीक खळगे. तिघांनीही दात येताना तोच चावला होता. चांदीला चेहरा नसतो म्हणणाऱ्या माझ्या मालकाला हे दाखवायला हवं होतं. मी बायकोकडं पाहिलं. ती मुद्दाम दुसरीकडं पाहत होती.

मग मी आतून डबा आणला, झिजका काढला, फडक्यावर ठेवला आणि सांगितलं. सगळं. तुटलेलं नाकं, तराजू, चार गुंजा, कानस. मुंबईची टांकसाळही सांगितली.

चाऊसनं फडकं आपल्याकडं ओढलं. मग म्हणाला, "तीस साल?"

"तीस."

"तीस साल मी तुझ्या घरी चाय पितो. आणि माझा दादा आत डब्यात?"

"बिस्किटाच्या," बायको म्हणाली. तिला गप्प बसवत नाही.

लेक एकदम हसली आणि मग पदरानं डोळे पुसले. चाऊस हसला नाही. त्यानं झिजका रुपया उचलला, कडेवरून अंगठा फिरवला. जिथं मी गुळगुळीत केलं होतं तिथं अंगठा थांबला.

"हा जुना, असं पुण्यावाला बोलला?"

"हो."

"आणि हा माझा, असं कोण बोललं?"

"मी," म्हणालो. "ते भिंगातून दिसत नाही. ते फक्त मला ठाऊक आहे."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. पाट्याला चीर आहे का, ते बघताना तो असा बघायचा. मग रुपया माझ्यापुढं ठेवला. "नाकं लाव."

"अरे, नाकं लावलं की नाण्याची किंमत जाते. पुण्याचा माणूस म्हणाला, सगळ्यात चांगला हाच आहे, आता याला हात लावू नका."

"किंमत काय्कू? मला विकायचा हाय? पोरीला तिचा दातवाला राहू दे, हा तिच्या पोरीच्या गळ्यात घालायचा हाय. लाव नाकं. आणि या टायमाला माझ्या डोळ्यांसमोर."

शेगडी बाहेर ओट्यावर आणली. फुंकणी काढली, डाक वाहावा म्हणून सवागी घोटली. हात आता पहिल्यासारखा राहिला नाही, पण कानशीनं गुळगुळीत केलेल्या जागीच नाकं ठेवलं, म्हणजे आणखी अक्षरं नकोत जायला. चाऊस समोर स्टूल टाकून बसला. चहा आला, तो त्याच्या हातात तसाच गार झाला. त्याची नजर रुपयावरून हलली नाही. डाक वितळून नाक्याखाली पसरला तेव्हा मी फुंकणी खाली ठेवली.

"थांब," म्हणालो, "पाण्यात टाकतो, निवू दे."

"नक्को. नजरेआड नको करू."

त्यानं खिशातला रुमाल चौपदरी केला आणि रुपया गरम असतानाच त्यात घेतला. चटका बसला असणार, पण मूठ सैल केली नाही. स्वतःचं सांगत नाही, तोही माझ्यासारखाच आहे.

प्रदर्शनाला आम्ही गेलो नाही. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, तर चाऊस म्हणाला, "आता तिथं काय विचारायचं? जावयाला तूच सांग."

जावयाला मीच सांगितलं, फोनवर. कानशीचंही सांगितलं.