बंद कपाटातली कोथिंबीर

ती घटना आजही आठवते, आणि आठवायला मला कुठलं दप्तर उघडावं लागत नाही. घरात लसणाची फोडणी पडली की पुरे. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. चार माणसं जमली की लोक त्याच गोष्टी विचारतात. मी मात्र ही पुस्तकांच्या चोरीची सांगतो. ऐकणाऱ्याचं तोंड उतरतं. ‘पुस्तकं व्हय!’ म्हणतात. व्हय बाबांनो, पुस्तकंच. गप ऐका.

कोल्हापुरातल्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी अधिकारी होतो. फार जुनी गोष्ट नाही, मोबाइल हाताहातात आले होते. तरी आमच्या हद्दीतल्या वाचनालयात पेपरच्या टेबलावर सकाळी जागा मिळत नसे. एके दिवशी त्या वाचनालयाचे अध्यक्ष तक्रार अर्ज घेऊन आले. निवृत्त प्राध्यापक, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. वाचनालयाच्या आतल्या खोलीतलं एक कुलूपबंद कपाट, त्यातली पुस्तकं गायब होतात, अशी तक्रार होती. कुलूप तुटलेलं नाही, काच फुटलेली नाही आणि किल्ली एकाच व्यक्तीकडे. ती व्यक्ती म्हणजे वाचनालयात कामाला असलेल्या बाई.

त्या कपाटाची हकीकत सांगितली पाहिजे. जवळच्याच गल्लीतली एक बाई वारली. तिला वाचनाचं वेड होतं. तिच्या नवऱ्यानं तिची सगळी पुस्तकं वाचनालयाला दान दिली. अध्यक्ष नुकतेच मुलाकडं अमेरिकेला जाऊन आले होते. तिथल्या एका मोठ्या शहरात त्यांनी एकोणिसाव्या शतकातलं वाचनालय पाहिलं होतं. चकचकीत लाकूड, काचेची कपाटं, भिंतीवर दात्यांच्या तसबिरी. सर भारावून गेले होते. इथंही तसंच करायचं त्यांनी ठरवलं. त्या वारलेल्या बाईंचा फोटो लावला, त्याला हार घातला, खाली पितळी पाटी ठोकली आणि पुस्तकं कपाटात ठेवून कुलूप घातलं. ‘ही पुस्तके बाहेर दिली जाणार नाहीत.’ तिथंच बसून वाचायचं म्हटलं तरी सरांची परवानगी लागायची. सन्मान इतका झाला की पुस्तकाला हात लावायची कुणाची छाती होईना.

“गुन्हा दाखल करायचा का, सर?” मी विचारलं.

“बाईंनी राजीनामा दिला असता तर मी इथवर आलोच नसतो,” ते म्हणाले. “पण त्या ऐकत नाहीत.”

मी अर्ज चौकशीवर ठेवून घेतला आणि बाईंना जबाबाला बोलावलं. चाळिशीच्या, नाकासमोर चालणाऱ्या. नवरा नव्हता. मुलगी पुण्यात नर्सिंगला. त्यांना कायम करायचा ठराव त्याच महिन्यात समितीपुढं होता. आमच्या महिला हवालदारांनी चहा पुढं केला, त्यांनी हात लावला नाही.

“राजीनामा दिलात तर सगळं मिटतंय,” मी म्हणालो. मुद्दामच म्हणालो. चोराला अशी पळवाट दाखवली की त्याचे डोळे आधी दाराकडं जातात.

त्यांचे डोळे माझ्यावरच होते. “मिटतंय कसं, साहेब? मी गेले की चोर म्हणून गेले. पोरीला कुणी तरी फोन करून सांगितलंय. तिनं रात्रभर रडून मला विचारलं, आई, खरं हाय का? आता पोलिसांनीच सांगावं, खरं हाय का खोटं. त्याबिगर मी हलणार न्हाय.”

“कपाटाची किल्ली कुणाकुणाकडं असते?”

“माझ्याकडंच. अजून एक सांगू? गेलेलं पुस्तक परत येतंय. मग दुसरं जातंय. हे मी सरांना सांगितलं, तर म्हणाले, बाई, म्हणजे तुम्हीच नेता आणि तुम्हीच आणता.”

आता मला सांगा, असा चोर कुणी पाहिलाय? परत आणून ठेवणारा! आमच्या हवालदारीण बाई म्हणाल्या, “साहेब, ह्यात काय तरी पाणी मुरतंय.” शाहूपुरीतल्या रद्दीवाल्यांकडं माणूस पाठवला. माझा एक जुना खबऱ्या तिथं होता. त्याचा निरोप आला, तसलं एकही पुस्तक विकायला आलेलं नाही, आणि साहेब, विकायचं नसेल तर कुणी तरी वाचत असेल की! निरोप देताना तो हसला होता म्हणे. मी हसलो नाही. मला ते पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यात वाचनालयात जाऊन बसलो. कॅमेरा होता, पण तो दारातल्या चपलांवर रोखलेला. कोल्हापुरात पुस्तकापेक्षा चप्पल महाग, त्यामुळं समितीला दोष देता येत नाही. मी पेपर उघडला आणि माणसं बघत राहिलो. एक पेन्शनर तीन पेपर मांडीखाली दाबून चौथा वाचत होता. स्पर्धा परीक्षेची पोरं पुटपुटत होती. दुपारच्या सुमाराला एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी झेंडूची फुलं. ते सरळ आतल्या खोलीत गेले. बाई लगेच खोलीतून बाहेर आल्या आणि दार हलकेच लोटून घेतलं.

“कोण?” मी खुणेनं विचारलं.

“फोटोतल्या बाईंचे मालक. रोज फुलं वाहायला येत्यात. बिचारे फोटोशी बोलत बसत्यात. आपण कशाला बघायचं.”

माणूस आपल्या बायकोच्या फोटोपुढं उभा असताना कोण टक लावून बघणार? सगळ्यांनी माना पेपरात घातल्या, मीही घातली. थोड्या वेळानं ते बाहेर आले, मला अनोळखी पाहून “काय पावणं, बरं हाय न्हवं?” म्हणाले आणि गेले.

ते गेल्यावर बाईंकडून कपाट उघडून घेतलं. “परत आलेलं एखादं पुस्तक दाखवा.” त्यांनी एक जाड कादंबरी काढली. मी ती उघडली आणि नाकाला लसणाच्या फोडणीचा वास आला. चांगला ताजा. पानांवर हळदीची बोटं होती. काही जुनी, फिकट झालेली, काही पिवळीधमक. आणि मधल्या पानात, खूण म्हणून ठेवलेली कोथिंबिरीची एक काडी. हिरवीगार, अजून ओलसर.

नोकरीत मी रक्ताचे डाग पाहून हललो नाही, पण ती काडी हातात घेऊन मी खुळ्यासारखा उभा राहिलो. कुलपातल्या पुस्तकात कोथिंबीर उगवत नाही. म्हणजे हे पुस्तक काल-परवा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात होतं, कुणी तरी भाजी निवडता निवडता ते वाचत होतं आणि हाक आल्यावर हाताला लागेल ती खूण घालून उठलं होतं.

“बाई, तुमच्या घरी कोथिंबीर आणली होती का काल?”

“मी डबा खाणावळीतनं आणते, साहेब. घरी एकटीसाठी कुठं चूल पेटवू?”

“बरं, हे कपाट वाचनालयानं घेतलं का?”

“न्हाय ओ. पुस्तकांबरोबर कपाट बी त्यांच्याच घरनं आलंय.”

झालं. कपाट घरचं, म्हणजे कुलूप घरचं. आणि घरच्या कुलपाला दोन किल्ल्या असतात. दान देणाऱ्यानं एक दिली असणार. दुसरी किल्ली मागायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. दान देणाऱ्या माणसाला कोण विचारतंय, दुसरी किल्ली कुठाय म्हणून?

हवालदारीण बाईंना घेऊन मी त्या गल्लीत गेलो. पहिल्याच दाराच्या पायरीवर एक बाई मेथी निवडत बसली होती. मांडीवर सूप, सुपाच्या कडेला टेकवलेलं पुस्तक. मेथी हातानं चालली होती आणि डोळे पुस्तकात. मी वाकून नाव पाहिलं. तक्रार अर्जातलंच होतं.

“पुस्तक कुणाचं, ताई?”

“काकींचं,” तिनं मान वर न करता सांगितलं. “काका देत्यात. माझं झालं की समोरचीला. जरा थांबा ओ, हितं तिला दीर घराबाहेर काढायला लागलाय.”

मी थांबलो. पान संपेपर्यंत पोलीस थांबला, असं ह्या एकाच चौकशीत झालं असेल. मग तिनं काकांचं घर दाखवलं.

काकांनी मला ओळखलं. “तुमी वाचनालयात बसलेलं पावणं न्हवं?” मी ओळखपत्र दाखवलं. ते घाबरले नाहीत. टोपी काढून खुंटीला लावली, देवळीतली किल्ली घेतली आणि माझ्यापुढं ठेवली. इतक्या सरळपणे गुन्हा कबूल करणारा माणूस मला क्वचितच भेटला असेल.

“मी दुधाच्या टँकरवर डायव्हर होतो, साहेब. वाचायची गोडी मला न्हवती, तिला होती. बेळगाव, मिरज, पुणं, कुठंबी गेलतो तर तिच्यासाठी जुनं पुस्तक घेऊन यायचो. ती चुलीपाशी वाचायची. बायका साखर मागायला यायच्या आणि पुस्तक घेऊन जायच्या. गल्लीचं वाचनालय म्हणजे आमची चूल. ती गेल्यावर मला वाटलं, हितं गल्लीच वाचतीय, तिकडं दिलं तर सगळं गाव वाचंल. म्हणून दिलं.” त्यांनी समोरच्या किल्लीकडं बोट केलं. “तर तेनी कुलूप घातलं. बायका मला विचारत्यात, काका, ते अर्धं ऱ्हायलेलं पुस्तक कुठं गेलं? काय सांगू?”

“सरांकडं मागायचं होतंत.”

“दिलेलं दान परत मागायचं? लोक तोंडात शेण घालतील की! आणि फोटोला हार, पितळंची पाटी, एवढं मानानं केलेलं. ते नको असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? म्हणून फुलांच्या पिशवीतनं एक आणायचो, वाचून झालं की नेऊन ठेवायचो. चोरी म्हणा. तिच्या फोटोला सांगूनच न्यायचो तेवढं.”

“काका, ह्या चोरीचा आळ वाचनालयातल्या बाईंवर आलाय. त्यांची नोकरी जायची वेळ आलीय.”

एवढं ऐकलं आणि म्हाताऱ्याचा चेहरा पडला. एवढा वेळ ताठ बसलेला माणूस तटकन उठला. “ती पोरगी? मी फुलं वाहताना दार लोटून घेती ती?” त्यांनी टोपी घातली, चपला पायात सरकवल्या. “चला. मला घाला कळंब्याच्या तुरुंगात. तिच्या नखालाबी धक्का लागाय नको.”

गल्लीतून निघालो तर मागनं बायका. मेथीवाली सगळ्यात पुढं, पुस्तक पदराखाली. “तुम्ही कुठं?” मी विचारलं. “काकांना एकटं सोडतोय व्हय!” मी नाद सोडला. हे माझ्या आवाक्याबाहेरचं होतं.

वाचनालयात अध्यक्ष बसले होते. काकांनी त्यांच्यापुढं किल्ली ठेवली, हात जोडले आणि सगळं सांगितलं. सरांचा चेहरा लालबुंद झाला, ते काही तरी बोलणार होते. त्याआधी काकाच म्हणाले, “सर, फोटो लावला त्या दिवशी तुमीच भाषणात सांगितलासा. त्या अमेरिकेच्या वाचनालयातनं दीडशे वर्षांमागं कारखान्यात काम शिकणाऱ्या पोरांना पुस्तकं घरी न्यायला मिळायची म्हणून. दिवसभर राबायची आणि घरी बत्तीपाशी वाचायची म्हणालासा. मला लई भारी वाटलं होतं. म्हटलं, आमच्या हिचंबी असंच हुणार.”

सरांनी आतल्या खोलीच्या दारातून दिसणाऱ्या पितळी पाटीकडं पाहिलं. “मी कपाट तेवढं लक्षात ठेवलं,” ते म्हणाले. “बत्ती विसरलो.”

मेथीवालीनं पदराखालचं पुस्तक काढलं. “हे ठेवू का, सर? शेवटचं प्रकरण ऱ्हायलंय.”

“वाचून आणा,” सर म्हणाले. मग ते बाईंकडं वळले. आम्हा सगळ्यांसमोर हात जोडले. “माझं चुकलं. तुम्ही म्हणाल तिथं लिहून देतो.”

बाई इतके दिवस रडल्या नव्हत्या. तेव्हाही रडल्या नाहीत. म्हणाल्या, “लिहून नको, सर. माझ्या पोरीला फोन करा. तुमच्या तोंडानं सांगा.”

सरांनी फोन लावला. पलीकडून मुलीचा आवाज आला. “बाळ,” सर म्हणाले, “मी वाचनालयाचा अध्यक्ष बोलतोय. तुझ्या आईनं काही केलं नव्हतं. तिच्यावर आळ घेणारा मीच होतो.” पलीकडून त्या पोरीचं हमसून हमसून रडणं सगळ्यांना ऐकू आलं. तेव्हा मात्र बाईंनी फोन हातात घेतला, भिंतीकडं तोंड केलं आणि त्यांचाही बांध फुटला. आम्ही सगळे पेपरकडं बघायला लागलो. पेन्शनर आजोबांनी तर पेपर उलटा धरला होता.

सरांनी तक्रार नसल्याचा जबाब दिला, अर्ज निकाली निघाला. बाई कायम झाल्या. कपाट आतल्या खोलीतून बाहेरच्या हॉलमध्ये आलं आणि त्याचं कुलूप काढलं गेलं.

पोलिसाला संशय घ्यायला शिकवतात. घ्यावाच लागतो, त्याशिवाय नोकरी होत नाही. ह्या चौकशीनं मला एवढंच शिकवलं की हाताशी किल्ली असलेलं माणूस चोर ठरवणं सगळ्यात सोपं असतं, आणि सोपं आहे म्हणूनच तिथं थांबू नये. त्या बाईंनी राजीनामा दिला असता, तर आम्ही सगळ्यांनी खुशाल मान्य केलं असतं की चोर गेला.

निवृत्तीनंतर मीही त्या वाचनालयात जातो. काका येतात. फुलं वाहून झाली की कपाटापाशी उभे राहून पुस्तकं चाळतात. परवा मी शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यांनी एक पान उघडून दाखवलं. हळदीची बोटंच बोटं.

“पूर्वी मला तिचं बोट कुठलं ते ओळखू यायचं, साहेब. आता गल्लीतल्या बायकांची इतकी उमटल्यात की काय कळत न्हाय.”

“वाईट वाटतंय काय?”

“न्हाय ओ,” ते म्हणाले आणि पुस्तक जागेवर ठेवलं. “तिला एकटीला बसायची सवयच न्हवती.”