मशीनवर आलेला आळ

शिंपीमास्तरांचे ओठ दर हिवाळ्यात उलायचे. एरवी ते तिकडे लक्ष देत नसत, पण यंदा मेहुणीने लिप बामची कांडी हातात ठेवली. "भाऊजी, लावून तर बघा." मेहुणीचा शब्द मोडायची मास्तरांची काय बिशाद! त्यांनी लावून बघितली आणि मग लावतच सुटले. कापड बेतण्याआधी एकदा, बेतल्यावर एकदा, गिऱ्हाईक आलं की एकदा, गेलं की सुटलो म्हणून एकदा. एक कांडी खिशात, एक खडूच्या डब्यात, एक आरशामागे. बामला वास स्ट्रॉबेरीचा, त्यामुळे ते चाटलं जायचं. चाटलं की ओठ अधिकच सुकायचे, की पुन्हा कांडी बाहेर.

"लग्नात मीसुद्धा आरशासमोर इतकी उभी नव्हते," कोपऱ्यात बटणं लावता लावता बायको म्हणायची.

अशात एक दिवस दवाखान्यातल्या सिस्टर आल्या. नुकतेच शिवून नेलेले चार पांढरे गणवेश त्यांनी टेबलावर ठेवले.

"मास्तर, इस्त्री फिरवली तर हे तेलाचे डाग. आमच्या मोठ्या बाई म्हणतात, शिंपी बदला."

मास्तरांचा चेहरा उतरला. तेल म्हटलं की मशीन. लग्नाच्या वर्षी घेतलेलं ते काळं मशीन. मास्तर बायकोपेक्षा त्याच्याशी जास्त बोलत, म्हणून बायकोने त्याचं नाव 'सवत' ठेवलं होतं. त्यांनी ते खोललं, पुसलं, दिवसभर चिंध्यांवर चालवलं. मग नवा गणवेश शिवला. इस्त्री फिरवली, डाग हजर.

शेवटी बोलावलेल्या मेकॅनिकने मान हलवली. "वय झालं त्याचं. आता गळणारच. मला सुट्या भागांसाठी द्या, नवं आणून देतो. शुक्रवारी नेतो."

'सुट्या भागांसाठी' हे शब्द मास्तरांच्या घशाखाली उतरेनात. शुक्रवारी सकाळी ते मशीन उगाच पुसत बसले होते. बायको दारापाशी उजेडात गणवेश उलटसुलट करत होती.

"अहो, डाग खालच्या काठालाच कसे? बाहीला नाहीत, खिशाला नाहीत."

"ओघळत असेल तिथं."

"खालची तुरपाई तुम्ही हातानं करता. माझी सवत तुरपाईला कधी बसली? जरा चार टाके घालून दाखवा बघू."

मास्तरांनी दोऱ्याचं टोक ओठात धरून ओलं केलं, सुईत ओवलं, चार टाके घातले, गाठ मारली. आणि कात्री हाताशी असताना, जन्माच्या सवयीने, वाकून दोरा दातांनी तोडला. बायकोने कापड ओढून घेतलं आणि वर गरम इस्त्री टेकवली. गाठीपाशी रुपयाएवढा डाग उमटला. तिने तो हुंगला आणि मास्तरांच्या नाकाशी धरला.

"मशीनला स्ट्रॉबेरीचं तेल घालता का हो तुम्ही?"

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मशीनच्या चाकावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

तेवढ्यात मेकॅनिक गोणपाट घेऊन दारात. "काय मास्तर, नेऊ ना?"

"न्यायचं तर यांना न्या," बायको म्हणाली. "गळती यांच्या तोंडाला आहे."

मास्तरांनी पाचही गणवेश साबणाने स्वतः धुतले आणि सिस्टरांना पोचवले. घडलेला प्रकार ऐकून सिस्टर भिंतीला टेकून हसल्या. "चाटणं बंद करा, पाणी प्या. आणि ती कांडी एकदा, निजताना. बस."

घरी येईपर्यंत बायकोने दोन कांड्या जप्त केल्या होत्या आणि कात्री नाडीला बांधून तयार ठेवली होती. ती कात्री मास्तरांच्या गळ्यात पडली. तिसऱ्या आठवड्यात ओठ बरे झाले. खिशातली तिसरी कांडी उरली. मशीनचा खण वर्षानुवर्षं अडकायचा, त्याच्या कडांना मास्तरांनी ती चोळली. खण अलगद सरकला.

"झाले सवतीचे लाड सुरू," कोपऱ्यातून आवाज आला.

मास्तरांनी खण पुन्हा उघडला, पुन्हा मिटला.