न्येबावहिनीने चूल सोडली तो उन्हाळा

आमच्या न्येबावहिनीच्या सगळं मनासारखं झालं आणि तिथूनच तिचं बिनसलं.

मनासारखं म्हणजे काय, तर तिच्या ब्रेमाचं लग्न झालं. सून आली. आमच्या बामाको शहरात सून घरात आली, नवरीच्या खोलीतला तिचा आठवडा सरला, की सासू तिच्या हातात कालवणाचा डाव देते आणि चुलीवरून उठते ती कायमची. मग तिने परत भांड्याला हात लावायचा नाही. लावला तर गल्लीत बोलायला लागतात, की अमक्यांनी लुळ्या हाताची पोरगी आणली बाई, म्हातारीला पुन्हा चुलीशी बसावं लागतंय! सासूचा मान आणि सुनेची अब्रू, दोन्ही त्या एका डावात असतं.

वहिनी या दिवसाची वाट स्वतःच्या लग्नापासून बघत होती. "माझ्या ब्रेमाची बायको येऊ दे, मी निंबाखाली खुर्ची टाकून बसणार आहे, कुणी उठवून दाखवा मला," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. ब्रेमा तेव्हा रांगत होता.

ती सेगूच्या पलीकडच्या खेड्यातली. पोरसवदा वयात माझ्या थोरल्या भावाची, झुमानाची बायको होऊन आली. माझ्या आईने आठवडा भरताच तिच्या हातात डाव दिला, स्वतः बाहेर जाऊन बसली आणि मरेपर्यंत तिकडे फिरकली नाही. आमचं स्वयंपाकघर म्हणजे पत्र्याची शेड. एप्रिलात तिथे कोंबडीसुद्धा शिरत नाही. वहिनी शिरायची. सगळ्या घराला पुरेल एवढी बाजरीची उकड उभ्याने घोटायची, घाम कोपरावरून टपकायचा, मनगटांवर डागांची नक्षी झालेली. सख्ख्या बहिणीचं लग्न होतं तेव्हाही आधी आमचं रात्रीचं रांधून, मग ती बस पकडायला पळाली. तिच्या कष्टांना मी कधी नाव ठेवलेलं नाही आणि ठेवणारही नाही.

तिच्या हातच्या जेवणाबद्दल मात्र आमच्या घरात कधी कुणी काही बोललं नाही. आबांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा दंडकच होता: अन्नाला नाव ठेवायचं असेल त्याने परातीपासून उठावं आणि ज्या अल्लाने दिलं त्याची माफी मागावी. त्यामुळे सगळे, पुरुष एका परातीत आणि बायका-पोरं दुसऱ्या, माना खाली घालून जेवायचे आणि परात पुसून काढायचे. त्या पुसलेल्या परातीकडे बघून वहिनी खूश व्हायची. "बघ तेनें," मला म्हणायची, "बोलत नाहीत, पण हात बोलतात त्यांचे."

तर सितान आली. बारकीशी, कामाला चटपटीत, आणि गुणगुणायची सवय. आली तीही ऐन उन्हाळ्यात. बकरी ईदच्या सणाच्या आधीचे दिवस, म्हणजे आमच्याकडे मरायला फुरसत नसते. आम्ही बाझें, म्हणजे सणाच्या झग्यांचं चकचकीत सुती कापड रंगवतो. सगळ्या शहराला त्याच वेळी नवे झगे हवे असतात, त्यामुळे दिवसभर अंगणात रंगाची पिंपं उकळत असतात आणि माझे हात कोपरापर्यंत निळे. सितानही सकाळपासून माझ्याबरोबर कापडं बुडवायला, पिळायला, वाळत घालायला. संध्याकाळी मग कुणात त्राण राहणार?

पण या पोरीने एक युक्ती काढली. पत्र्याच्या शेडीत ती गेलीच नाही. कोळशाची शेगडी उचलून निंबाच्या मागच्या सावलीत आणली. उकड घोटायची भानगड रोज नाही. कधी फोनिओ, आपला राळ्यासारखा बारीक दाणा, वाफेवर फुलवला की झाला, वर शेंगदाण्याचं पातळ कालवण. कधी भात आणि सुकी मासळी, वर लिंबू. कधी भेंडी ठेचून, गोरखचिंचेच्या पाल्याची भुकटी भुरभुरून, पटकन उतरवलेलं काहीतरी. साधं. आणि परात खाली ठेवते न ठेवते तोच माणसं तुटून पडायची.

वहिनी खुर्चीत. नवी प्लॅस्टिकची खुर्ची, ब्रेमाने मुद्दाम आणलेली, हिरवी. पहिले दोन-तीन दिवस ती राणीसारखी बसली. मी आपली पिंपाशी. माझा संसार कधीच मोडला, माहेरी परत आले, माझ्या वाट्याला ना खुर्ची ना सून. खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटायचा. नणंदेने वहिनीची थट्टा करायची हा आमच्याकडे हक्कच आहे, तेव्हा मी तो वसूल करत होते.

"वहिनी, खुर्ची टोचतेय का? सारखी चुळबुळ चाललीय."

"मला काय टोचतंय? ती बघ, कांदा कसा चिरतेय. फोडी आहेत का दगड?"

"तुला इथून दिसतंय?"

"मला न बघताही दिसतं."

मग एके संध्याकाळी ते घडलं. मगरिबची नमाज झाली, निंबाखाली परात मांडली, पुरुष बसले. फोनिओ होता. माझ्या भावाने, त्या मुक्या झुमानाने, ज्याच्या तोंडून जेवताना आजवर फक्त ढेकर ऐकू आली होती, त्याने मान वर केली आणि म्हणाला, "छान झालंय."

वहिनीच्या हातातला विंझणा थांबला.

"काय म्हणालात?"

"छान झालंय म्हटलं. शेंगदाण्याचं."

"ऐकलं मी," वहिनी म्हणाली.

त्या दिवसापासून तिच्या मनात जे पेटलं ते विझेना. बायकांच्या परातीत ती आमच्याबरोबर बसायची, पण दोन घास खाऊन हात झटकायची. "भूक नाही. उन्हाने मेलीय." सुनेला तोंडावर काही बोलायची नाही, तेवढी ती हुशार. सगळं माझ्या कानात.

"फोनिओ हे काय जेवण झालं? बाळंतिणीला देतात ते. मी या घराला असा पोरखेळ कधी वाढला नाही."

"पण संपला ना सगळा."

"उकाड्यात माणूस काहीही गिळतो. सपक आहे गं, तेनें! खरं सांग, तुला सपक नाही लागत?"

"नाही बाई."

"तुम्हा सगळ्यांना तिने काहीतरी चारलंय."

मला वाटायचं, द्वेषाने हिची जीभसुद्धा फिरलीय. कुणी पाहुणा आला आणि सुनेच्या हाताला नावाजून गेला, की वहिनीचा चेहरा पिंपातल्या कापडासारखा रंग बदलायचा. ब्रेमाने एकदा परात चाटायला घेतली तर म्हणाली, "लाज नाही वाटत? लहानपणी आईच्या हातचं कधी चाटलं नाहीस!" आणि खरंच, त्याने चाटलं नव्हतं. त्याने परात खाली ठेवली.

सणाला चार-पाच दिवस उरले असतील. त्या दुपारी गिऱ्हाईक दारात येऊन बसलेलं, लाइट गेलेली, आमची त्रेधा उडालेली. सितानने उन्हं कलताच भेंडीचं कालवण शेगडीवर चढवलं आणि ती मागे कापडं खळबळायला धावली. मी पिंपात काठी फिरवत होते. खुर्ची करकरली म्हणून वर बघितलं.

वहिनी उठली होती. दाराकडे बघितलं, गल्लीकडे बघितलं. माझ्याकडे बघायचं राहून गेलं. शेगडीपाशी गेली, झाकण उचललं, मिठाच्या डब्यात हात घातला आणि मूठभर मीठ कालवणात सोडलं. डावाने ढवळलं. मग जरा थांबून आणखी अर्धी मूठ. कुठलंही भांडं नासावं इतकं.

मागे वळली तर मी.

"झाकण कलंडलं होतं," ती म्हणाली.

"हो, वारा फार सुटलाय," मी म्हटलं. झाडाचं पानही हलत नव्हतं. मी कुणाला काही सांगितलं नाही. सितानच्या कौतुकाचा मलाही थोडा कंटाळा आलाच होता, आणि गंमत बघायची होती.

संध्याकाळी परात मांडली. भात आणि भेंडी. पुरुष बसले, झुमाना, ब्रेमा, आमचे म्हातारे काका. इतक्यात सेरिबा उगवला. हा भावाचा दोस्त, आडनाव कुलिबाली. आम्ही केइता. केइता आणि कुलिबाली यांच्यात थट्टेचं नातं बापजाद्यांपासून चालत आलंय. त्याने आम्हाला काहीही बोलावं, आम्ही त्याला काहीही बोलावं, राग धरेल तो पापी. आणि हा माणूस नेमका जेवणाच्या वेळी यायचा.

"आला बघा चवळीखाऊ," झुमाना म्हणाला.

"सरका रे गुलामांनो, मालकाला जागा द्या," म्हणत सेरिबाने मांडी ठोकली.

सितान बाजूला मान खाली घालून उभी. बायकांची परात अजून भरायची होती, तिने चव घेतलेली नव्हती. वहिनी खुर्चीच्या अगदी कडेला आलेली. तिचे ओठ हलत होते. काय बोलायचं ते तिने पाठ करून ठेवलं असणार, हे मी शपथेवर सांगते: "असू द्या हो, लहान आहे, शिकेल हळूहळू." किती गोड, किती मोठ्या मनाचं! एवढं एकच वाक्य तिला सगळ्यांदेखत बोलायचं होतं. मग तिचं नाव तिला परत मिळणार होतं.

झुमानाने घास घेतला. चावला. गिळला. दुसरा घेतला. काकांनी घेतला. ब्रेमाने घेतला. कुणाचं तोंड वाकडं झालं नाही. माना खाली गेल्या आणि हात चालू लागले, सावकाश, मुकाट. मला ते दृश्य ओळखीचं वाटलं, पण कुठलं ते चटकन लक्षात येईना.

सेरिबाने घास घेतला आणि मांडीवर थाप मारली.

"अरे वा! आज वहिनींनी रांधलं वाटतं!"

झुमानाने पुढचा घास वळला.

"काय रे? खोटं आहे का? डोळे बांधून वाढा मला, हा हात मी ओळखेन. ब्रेमा, पोरांना सांग घागर इकडेच आणून ठेवायला. पूर्वीसारखी. आज सगळी लागणार."

काका बिचारे भोळे. त्यांना वाटलं, कौतुकच चाललंय. "हो हो, न्येबाचंच," म्हणाले. "बऱ्याच दिवसांनी."

सितान चटकन पुढे झाली. तिने पातेल्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाली, "नाही काका. मीच केलंय. आज हात चुकला माझा."

"पोरी," सेरिबा हसत म्हणाला, "हात चुकून बरोबर तिच्याच हातावर गेला?"

आणि तो एकटाच हसला. केइतांपैकी कुणी त्याच्यावर चिडू शकत नव्हतं आणि कुणी त्याला खोटंही पाडू शकत नव्हतं.

वहिनी खुर्चीतून उठली. नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"असं असायचं?" तिने विचारलं.

झुमाना परातीतला भात गोळा करत राहिला.

"मी विचारतेय. माझ्या हातचं असं असायचं?"

"तू फार राबायचीस," तो म्हणाला. "आणि आबांनी नाव ठेवायचं नाही म्हणून सांगितलं होतं."

एवढं बोलून त्याने पाण्याचा वाडगा तोंडाला लावला. काय वाईट वेळ साधली मेल्याने!

सितानने घाईघाईने बायकांची परात भरली. "आई, तुम्ही बसा. तुमच्यासाठी मी वेगळं काहीतरी करते, लगेच होतं." पोर मनापासून बोलत होती, त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, वहिनीला उत्तर देता आलं असतं.

वहिनी जमिनीवर बसली. मी तिच्या समोर. मी घास घेतला आणि तोंडात धरून बसले, गिळवेना. एवढी वर्षं हे आम्ही गिळत होतो, आणि उकाड्याने तहान लागते असं समजून पाणी पीत होतो. पोरांनी एक एक घास खाल्ला आणि घागरीकडे पळाली.

वहिनीने घास घेतला. मी तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते, आता थुंकेल, आता थुंकेल. ती चावत राहिली. मग तिच्या कपाळावरच्या आठ्या उलगडल्या. सून आल्यापासून जेवताना तिचा चेहरा असा मी पाहिला नव्हता. तिने दुसरा घास घेतला, मोठा.

"आई, नका खाऊ, फार खारट झालंय," सितान हळूच म्हणाली.

"खारट कुठाय?" वहिनी म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलं, सितानकडे बघितलं, पुरुषांच्या परातीकडे बघितलं. "तेनें, खरं सांग. खारट आहे?"

मी मान डोलावली, हो.

तिचे डोळे भरून आले, पण हात थांबला नाही. "मला तर बरोबर लागतंय गं," ती म्हणाली. "मला अगदी बरोबर लागतंय."

आम्ही सगळ्यांनी हात धुतले तरी ती एकटीच जेवत होती.