कलेचा संस्कार नसलेला गट

सुंदर काही पाहिलं की माणसाच्या मेंदूत काय होतं, हे शोधण्यात माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली. भोरमध्ये हे सांगितलं की लोक विचारतात, "म्हंजे डोक्याच्या डॉक्टर का?" त्याचा मला कधी राग आला नाही. राग आला तो पुण्यात, माझ्याच प्रयोगशाळेत, आणि तो अजून गेलेला नाही.

आमच्या प्रयोगांत चित्रं बघायला यायचे ते शहरातले कॉलेजचे विद्यार्थी. तेवढ्यावर आम्ही बिनदिक्कत 'माणसाचा मेंदू' असं लिहायचो. डोंगरातली माणसंही घेऊ या, म्हणून मी आमच्या प्रमुखांच्या, सरांच्या, मागे लागले. शेवटी कंटाळून ते हो म्हणाले. भोरच्या डोंगरात, हिर्डोशीच्या वरच्या अंगाला माझी मावशी राहते. ती आणि तिच्या वाडीतल्या काही बायका यायला तयार झाल्या. एसटीचा भरवसा नव्हता, म्हणून टेम्पो केला.

तपासणीच्या यंत्रात मोठं चुंबक असतं, अंगावर धातू चालत नाही. तिथला तंत्रज्ञ दारातूनच ओरडला, "ए मावशी, गळ्यातलं, पायातलं, सगळं काढा. पटापट!" विद्यार्थिनींशी हाच माणूस "मॅडम, प्लीज" करून बोलायचा. मी मावशीला बाजूला नेऊन तिचं मंगळसूत्र उतरवलं, साबण लावून जोडवी काढली.

यंत्रात आडवं पडून चित्रं बघायची आणि आवडलं की बटण दाबायचं, एवढंच काम. बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, "लई आवाज गं! पर ती निळी नदी ब्येस व्हती. त्या फुगल्या तोंडाच्या बाया काय मला आवडल्या न्हाईत."

सर हसले. "यांच्याकडून हीच अपेक्षा होती," ते मला इंग्रजीत म्हणाले.

"सायेब, माज्या डोस्क्याचा फोटू दावा की," मावशी म्हणाली.

"तुम्हाला त्यातलं काय कळणार?"

मीच तिला पडद्यापाशी नेलं. तिनं वाकून बघितलं आणि हळूच विचारलं, "समद्यांचं आसंच आसतं?"

"समद्यांचं," मी म्हणाले.

निकालही तेच सांगत होता. आवडलेलं चित्र समोर आलं की विद्यार्थ्यांच्या मेंदूचा जो भाग जागा होई, तोच या बायकांचाही. तरी शोधनिबंधात सरांनी त्यांना नाव दिलं, 'कलेचा संस्कार नसलेला गट'.

"कशावरून नसलेला?" मी विचारलं. "गोधडीत रंगाला रंग लागला नाही तर या बायका अख्खी ओळ उसवतात."

"ते घरकाम झालं, कला नव्हे."

"आणि आपल्या विद्यार्थ्यांनी कधी चित्रप्रदर्शनात पाऊल तरी टाकलंय?"

"भावनिक होऊ नकोस."

भावनिक! उत्तर नसलं की माझ्यासाठी हाच शब्द तयार असायचा. मग निबंधावरून माझं नाव काढा, मी म्हणाले. त्यांनी नाव लगेच काढलं, ते शब्द ठेवले. पुढे एका व्याख्यानात मावशीचा मेंदू पडद्यावर झळकला आणि खाली तेच शब्द. सभागृहातले सगळे ते शब्द वहीत उतरवून घेत होते.

मी ती नोकरी सोडली. आता मेंदूतल्या लहरी टिपणारी तारांची एक टोपी घेऊन भोर-वेल्ह्यातली गावं फिरते. मार्गासनीच्या बायका येतात, हिर्डोशीच्याही. मावशी येत नाही. "एकदा बगितलं न्हवं माजं डोस्कं," म्हणते, आणि मी आग्रह करत नाही. नोंदवहीत गटाच्या रकान्यात मी आता फक्त गावाचं नाव लिहिते.