परत आलेला नारळ
नारळ फुटल्याचा वास आला, की चेन्नईतली ती संध्याकाळ अंगावर येते. तिथे सोनं-चांदी गाळायचं, गलाईचं दुकान असलेला माझा विट्याचा मामा मला न् मामीला शहर दाखवणाऱ्या बसने घेऊन निघाला होता. शेवटी समुद्र. “पीछे हटो, पानी चढ़ रहा है,” गाईड ओरडला. मामी सांगलीची, पुरात कृष्णेची ओटी भरतात, तशी तिने नारळ घेऊन समुद्राची भरली. लाटेने नारळ परत तिच्या पायाशी आणून टाकला. “आवं, त्यानं ओटी घेतली न्हाई. नारळ हितंच ऱ्हाऊ द्या,” मामी पुटपुटली. “लय भितीस गं!” म्हणत मामाने तो पिशवीत टाकला, घरी येऊन फोडला. मामीने खोबरं तोंडात घातलं नाही. आम्ही दोघांनी गुळाबरोबर खाल्लं. वर्ष उलटायच्या आत मामा गेला. ते खोबरं खाल्लेला आता मी एकटाच उरलोय.