फिनेल घातलेली बाटली

माझं शिक्षण चौथीपर्यंत. शौचाची तपासणी म्हणजे कोणीतरी नाक दाबून बाटलीत डोकावत असेल, एवढीच माझी कल्पना होती.

मारुंजीत आमच्या रानात आता भाड्याच्या सहा खोल्या आहेत. नवरा गेला. मुलगा भूगावला फ्लॅटमध्ये राहतो, सणाला येतो. माझ्याशी रोज बोलणारं माणूस एकच होतं, शेजारच्या खोलीतली चार वर्षांची मुलगी. तिचे आईबाप लातूरकडचे. आई कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते, बाप टेम्पो चालवतो. दुपारभर मुलगी माझ्याकडे. ताट एकच. मी भात कालवून तिला घास भरवायचे आणि त्याच हातानं स्वतः खायचे.

थंडीत तिला उलट्या सुरू झाल्या, मग पाण्यासारखे जुलाब. सलाईन लावावं लागलं. तोवर पलीकडच्या दोन खोल्यांतही तेच. नळावर बायका बोलायला लागल्या, म्हातारीच्या विहिरीचं पाणी बाधलं. टाकीत विहिरीचं पाणी येतं, हे खरं. मुलीची आई दारात येऊन म्हणाली, "आजी, राग मानू नका. पण तपासणी होईपर्यंत लेकराला तुमच्याकडं धाडत न्हाई."

"नको धाडू," मी म्हणाले. "विहीर मी खणली का? सासऱ्यानं खणलीय."

तोंडानं म्हणाले. दुपारी अर्धा भात कुत्र्याला घातला.

मग गावातली आशा सेविका बाटल्या घेऊन आली. एकीत विहिरीचं पाणी भरून घेतलं, बाकीच्या शौचासाठी सगळ्यांना वाटल्या, एक माझ्यापुढे ठेवली.

"मला काय झालंय?"

"लेकरू तुमच्या ताटात जेवतंय न्हवं? मग द्या गुमान. सकाळी नेते, तवर फ्रिजमधी ठेवा."

"फ्रिजमधी? देवाचं दूध हाय तितं!"

"मग देवाला म्हणा, जरा सरकून बस."

मी ठेवली नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून मोरीत ठेवली. आणि असली घाण त्या बाईच्या हातात कशी द्यायची, म्हणून वास दाबायला आत दोन बुचं फिनेल ओतलं. वरून बाटली धुऊन पुसून दिली, पाहुण्याकडे डबा धाडावा तशी.

चार दिवसांनी निरोप आला. बाकीच्या बाटल्या चालल्या, माझी टाकून दिली. दुसरी बाटली घेऊन मी स्वतः पुण्याला प्रयोगशाळेत गेले. विहिरीचं काय ते मला तोंडावर ऐकायचं होतं.

तिथल्या मुलीनं विचारलं, "आजी, फिनेल कोणी घातलं?"

"मी. वास येऊ नये म्हणून."

"आम्हाला वास चालतो हो. फिनेल चालत नाही."

तिनं काचेपलीकडून मला दाखवलं. शौच पाण्यात पातळ करतात आणि यंत्रात गरगर फिरवतात. गाळ तळाला बसतो, विषाणू वरच्या पाण्यात राहतो. त्याचे थेंब एका पट्टीवर टाकतात. दोन रेघा उमटल्या तर लहान मुलांना नेहमी गाठणारा विषाणू. शेजारच्या लेकराच्या पट्टीवर एकच रेघ आली, म्हणून दुसऱ्या मशीनवर बघितलं. विषाणूची खूण असली तर ते मशीन तिच्या प्रतींवर प्रती काढतं, दिसेपर्यंत. एका दाण्याची कणगी करायची आणि मग बघायचं, असं मी माझ्यापुरतं समजून घेतलं. त्यात दुसरा विषाणू सापडला होता.

"मग विहिरीत हाय का?"

"पाण्यात घाणीचे जंतू सापडले नाहीत. हा विषाणू मात्र आम्ही पाण्यात शोधत नाही, आजी. तो बहुतेक हातांवरून जातो."

दोन दिवसांनी तिचा फोन आला. माझ्यातही तोच सापडला. मी म्हणाले, मी धडधाकट आहे. तिनं विचारलं, आधी पोट बिघडलं होतं का?

बिघडलं होतं. मुलगी आजारी पडायच्या दोन दिवस आधी. हरभऱ्याची भाजी बाधली म्हणून ओवा चघळला आणि गप्प बसले. मुलीला भात भरवायचं मात्र थांबवलं नाही. हात नुसत्या पाण्यानं धुतलेले. बरं वाटल्यावरही दोन आठवडे विषाणू शौचातून पडत राहतो, असं प्रयोगशाळेतली मुलगी म्हणाली.

आधी कोणाला झालं, हे मशीनला कळत नाही. विहिरीवरचा आळ गेला होता. मी गप्प बसले असते तर मीही सुटले असते. संध्याकाळी मुलीच्या आईला बोलावून सांगितलं, "लेकराला माझ्यामुळं झालं. आधी मला झालं व्हतं."

ती म्हणाली, "तुमी सांगितलं नसतं तर मला कळलंबी नसतं, आजी."

"मला कळलं व्हतं."

तिनं दाराशी काढलेल्या चपला पायात सरकवल्या. मग म्हणाली, "उद्यापासून धाडू का? माझी ड्युटी बुडतीय."

हे मला अपेक्षित नव्हतं. हो म्हणायला तोंड उघडलं होतं. म्हणाले, "पंधरा दिवस न्हाई. गावाकडनं कुणाला तरी बोलव."

मुलीची मावशी आली. तिचा डोळा चुकवून दुसऱ्याच दुपारी मुलगी माझ्या दारात. मी आतून कडी घातली होती.

"आजी, उघड की. भात."

मी ताटावर बसले होते. "जा घरी!" म्हणून ओरडले.

तिनं दारावर लाथा मारल्या. मग एक शिवी हासडली, ती माझ्याकडूनच शिकलेली. मग चपला फटक फटक वाजत लांब गेल्या.